न उघडलेलं पाकीट

माझा फोटो खोटा करून घेतला तो मामानं. पण मला फसवलं ते मामानं नव्हे, आमच्या बायोलॉजीच्या सरांनी. लोक हे दोन गुन्हे एकात एक मिसळतात, म्हणून आधीच वेगळे करून ठेवते. मामा दलाल होता, जनावरांचा आणि सोयरिकींचाही. मालाला तेल लावून उभं करणं हे त्याचं कामच होतं. सर शिकवणारे होते. त्यांचं नाव मी इथं लिहीत नाही. ते पुष्कळ वाचतात, हेही वाचतील, आणि ओळख पटायला त्यांना नावाची गरज पडणार नाही.

आमचं घर सुप्याच्या पुढं माळावर. आज्याच्या काळात मेंढरांमागं वर्षाचे आठ महिने वणवण असायची. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ती मोडली आणि बाजरी, हुलगा करायला लागले. पण पंचवीस-तीस मेंढरं त्यांनी दारात ठेवलीच. मेंढरांचा आवाज नसला की त्यांना जेवण जायचं नाही. दिवस कलताना मेंढरं चरून आली की जाळीच्या कुंपणातली कोकरं सोडायची. मग असा गलका उठायचा की शेजारी बोललेलं ऐकू येत नसे. प्रत्येक कोकरू ओरडत आपली आई हुडकायचं आणि प्रत्येक आई परक्या कोकराला ढुशी देऊन हाकलायची. पाच मिनिटांत सगळ्या जोड्या लागायच्या आणि मग एकदम शांत, नुसता चोखण्याचा आवाज. त्याच वेळी चुलीवर आईच्या शेंगोळ्या रटरटत असायच्या, हुलग्याच्या पिठाच्या, लसूण-मिरची सढळ हातानं टाकलेल्या. आज मी चार ठिकाणची हॉटेलं पाहिलीत, पण तो वास आला की अजून पाय आपोआप उठतात. बसून राहणं मला तेव्हाही जमत नव्हतं, आताही जमत नाही.

मी सहा वर्षांची असताना त्या कुंपणात शिरले आणि एडक्यानं शिंग फिरवलं. डाव्या डोळ्याखालून हनुवटीपर्यंत फाटलं. दवाखान्यात शिवलं ते ओढून शिवलं, त्यामुळं हसले की तोंडाची ती बाजू जरा मागं राहते. घरात त्याला कुणी व्रण म्हणत नसे. ‘ते’ म्हणत. आई म्हणायची, “पावडर लाव जराशी, ते झाकंल.” आबा काहीच म्हणत नसत. त्यांची माणसं पारखायची रीत मला ठाऊक नाही, पण कळपाला एडका निवडताना ते एडक्याकडं बघतच नसत, त्याच्या आईकडं बघत. तिच्या कासेखाली हात घालून बघत, तिची किती कोकरं जगली ते विचारत. एकदा मोडक्या शिंगाचा एडका आणला तेव्हा आईनं नाक मुरडलं. आबा म्हणाले, “मोडल्यालं शिंग पोटात उतरत न्हाय.” हे वाक्य मी पुढं कॉलेजात शिकल्यासवरल्या शब्दांत ऐकलं, तेव्हा मला आमच्या आबांचा फार अभिमान वाटला होता.

बारामतीला बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला मी सकाळच्या एस.टी.नं जायची. वर्गात आम्ही मुली मोजक्या, एका बाजूच्या दोन बाकांवर. माझा पाय बाकाखाली सारखा हलायचा आणि शेजारची वैतागून माझ्या गुडघ्यावर हात दाबून धरायची. सर पस्तिशीचे होते, बोलायला लागले की खडू हातात तसाच राहायचा. माणसाला सुंदर काय वाटतं आणि का वाटतं, यावर ते एकदा तासभर बोलले. अभ्यासात ते नव्हतं. चेहऱ्याच्या दोन्ही बाजू सारख्या, कातडी नितळ, केस दाट, दात धड, कमरेला बाक. ज्यांना हे आवडलं त्यांची जोडीदारीण बहुतेक वेळा निरोगी निघाली, मुलं जगली, आणि ती आवड मुलांत उतरली. ज्यांना भलतंच आवडलं त्यांची कमी जगली. तेव्हा आपण ज्याला सुंदर म्हणतो ती आपली पसंती नसून मेलेल्या पूर्वजांनी केलेली तब्येतीची तपासणी आहे, असा एक तर्क आहे, असं सर म्हणाले. आणि निवड नर एकटा करत नाही. विहिरीवरच्या बाभळीला सुगरणीचे खोपे लटकतात ते नर बांधतो, अर्धा बांधून थांबतो. मादी येते, आत डोकावते, ओढून बघते आणि पसंत नसला तर निघून जाते.

मागच्या बाकावरून भिगवणकडचा एक मुलगा म्हणाला, “म्हंजी सर, आमी आधी घर बांधायचं आन् मग हिनं नाक मुरडायचं?”

“बांध तर खरं,” मी म्हणाले. “मुरडायचं का न्हाय ते बांधकाम बघून ठरवू.”

वर्ग हसला, सरही हसले. मला धीर आला. मी विचारलं, “सर, मग लग्नाला गोरीच का लागते? पांढऱ्या मेंढीला काय जास्त दूध नसतं.”

सर म्हणाले की ते निसर्गाचं नाही, माणसांनी मागून घुसडलेलं आहे. मग त्यांनी मला उभं राहायला सांगितलं आणि वर्गाकडं वळून म्हणाले, “हिच्या गालावर व्रण आहे. तो अपघाताचा. तो रक्तात जात नाही, हिच्या मुलांना तो होणार नाही. हे बुद्धीला कळतं, पण डोळ्याला कळत नाही. डोळा खूण बघतो, कारण बघत नाही. डोळा शहाणा नाही, नुसता जुना आहे. शिकलेल्या माणसाचं काम म्हणजे त्या जुन्या डोळ्याचं न ऐकणं.” साठ मुलं माझ्या गालाकडं बघत होती आणि आयुष्यात पहिल्यांदा मला तोंड फिरवावंसं वाटलं नाही. ‘ते’ आता नुसतं ‘ते’ राहिलं नव्हतं, त्याचा धडा झाला होता. त्या दिवशी सरांनी मला जे दिलं ते मी नाकारत नाही. माझा राग एवढा का आहे, हे कळायला तेवढं ठाऊक असलं पाहिजे.

आता त्या तर्कात मला भोकं दिसतात. मी तीस वर्षं शेळ्या-मेंढ्या विकत घेते आणि विकते. निरोगी आणि देखणं यांत किती अंतर असतं ते मला विचारा. बाजाराच्या दिवशी जनावराला मीठ चारून पाणी पाजलं की पोट भरल्यासारखं दिसतं, शिंगांना तेल चोळलं की वय कमी दिसतं. बाजार यावरच चालतो आणि याला कुणी फसवणूक म्हणत नाही. घेणाऱ्यानं डोळे उघडे ठेवायचे. पण बाजारात मेंढरं विकणाऱ्या आमच्या लोकांत एक रीत आहे. गिऱ्हाइकानं लांबून विचारलं तर काहीही बोला. त्यानं जनावराच्या पाठीवर हात ठेवून विचारलं, की खरंच सांगायचं. आजारी असेल तर आजारी, गाभडलेली, म्हणजे गर्भ पडलेली, असेल तर तसं. पाठीवर हात असताना जो खोटं बोलला त्याच्याकडं पुन्हा कुणी फिरकत नाही. आबा ही रीत देवाच्या शपथेपेक्षा जास्त मानत. ही गोष्ट मी मध्येच सांगते आहे कारण माझं कॉलेज तिच्यामुळं गेलं.

त्या हिवाळ्यात एका रविवारी सर आमच्या घरी आले. आईच्या हातच्या शेंगोळ्या दोनदा मागून घेतल्या आणि आबांना म्हणाले की त्यांची थोरली बहीण डाळजला दिलेली आहे, तिचा मुलगा कारखान्यात कारकून आहे, आणि तुमची मुलगी हुशार आहे. आबांनी हळूच माझ्या गालाकडं बघून विचारलं, “त्यास्नी सांगितलंय का?” सर म्हणाले, “आधी फोटो द्या. बाकीचं ओघानं येईल.”

मला लग्न नको होतं, मला बी.एस्सी. हवी होती. सर गेल्यावर मी आबांशी सौदा केला. मी म्हणाले, “येऊ द्या बघायला. मी डोक्यावर पदर घिऊन बसती, पोहे बी देती. पण त्यांनी न्हाय म्हणलं तर कॉलेज पुरं करायचं. मधी बोलायचं न्हाय.”

आबा म्हणाले, “आन् व्हय म्हणलं तर?”

“तर लगीन झाल्यावर पुरं करीन. त्यांच्याशी मी बोलती.”

आबा काडीनं दात कोरत म्हणाले, “ठरलं.” आमच्या घरात आबांचं ठरलं म्हणजे ठरलं होतं.

फोटोसाठी मामानं मला इंदापूरला बोलावलं. त्याच्या ओळखीचा स्टुडिओ स्टँडजवळ होता, मागं रंगवलेला पडदा, त्यावर कारंजं आणि दोन हंस. मला रंगीत फोटो हवा होता, तेव्हा सगळ्यांचे रंगीतच निघत. मामा म्हणाला, “न्हाय, काळापांढराच. त्यात माणूस उठून दिसतं.” मला खुर्चीवर बसवलं, हनुवटी वर, मान तिरकी, आणि “हलू नका” असं फोटोवाला चार वेळा म्हणाला, कारण माझा पाय थांबत नव्हता. काळ्यापांढऱ्या फोटोच्या निगेटिव्हवर बारीक पेन्सिलीनं काम करता येतं, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मामाला होतं.

आठ दिवसांनी मामा फोटो घेऊन आला. पाकिटातून काढून त्यानं आईच्या हातात दिला आणि आईनं माझ्या. डावा गाल सपाट होता. नुसता झाकलेला नव्हता, तिथं कधी काही झालंच नव्हतं असा होता, आणि ओठही दोन्हीकडं सारखे होते. मी रागवायला हवं होतं. खरं सांगते, मी हसले. मला ती मुलगी आवडली. दोन दिवस तो फोटो माझ्या वहीत होता आणि मी सारखी वही उघडत होते. सरांचा तो जुना डोळा माझ्याही डोक्यात होता, आणि माझ्याच तोंडाला नापास करत होता. मला हसताना आईनं पाहिलं. ते तिनं लक्षात ठेवलं.

तिसऱ्या दिवशी मात्र मला अन्न गोड लागेना. मी पाकीट घेतलं आणि प्रॅक्टिकलच्या आधी प्रयोगशाळेत सरांना गाठलं. स्पिरिटचा वास, बरण्यांत बेडूक आणि सापाची पिल्लं, आणि आम्ही दोघंच. सरांनी पाकीट उघडलं, फोटो उजेडाला धरला आणि म्हणाले, “छान आलाय.”

मी म्हणाले, “सर, यात व्रण नाही. मामानं काढायला लावलाय, मला विचारलं नव्हतं. तुमच्या ताईंना तुम्ही सांगा. बघायला यायच्या आधी सांगा. त्यावर नको म्हणाले तर नको.”

सरांनी फोटो आत घातला, पाकिटाचं तोंड थुंकी लावून चिकटवलं आणि खिशात ठेवलं. “सांगतो,” ते म्हणाले. “तू काळजी करू नकोस.” मी काळजी केली नाही.

पाहुणे आले ते जीप करून. सरांची बहीण, तिचे मालक, मुलगा आणि सर. आमच्याकडून आबा, आई, मामा. मी पोह्यांचा ट्रे घेऊन आले आणि ताईंचा चेहरा बदलताना मला दिसला. तेवढ्यावरून मला कळलं की सरांनी सांगितलेलं नाही. तरी पाहणी रीतीप्रमाणं झाली. चालून दाखव, केस सोड, पेपर वाच. मी पेपर वाचत असताना मुलाकडं बघून घेतलं, कारण आम्हालाही शिकवलं होतं की निवड दोन्हीकडून असते. शांत होता, नखं स्वच्छ होती. पेपर खाली ठेवल्यावर तो मला म्हणाला, “आता दुखतं का?” एवढंच त्याचं बोलणं. हा प्रश्न मला तोपर्यंत कुणी विचारला नव्हता. मी म्हणाले, “थंडीत ओढल्यागत हुतं.”

मग ताई उठल्या. भांडखोर बाई नव्हती, उलट मला जवळ घेतल्यासारखं करून त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि भावाला विचारलं, “फोटो तुझ्या हातनं आला. त्यात ह्ये न्हाय. तुला ठाऊक हुतं का?”

आबांनी मान वर केली. मामानंही केली. त्या हाताचा अर्थ खोलीत आम्हा चौघांनाच कळत होता. ताईंना कळत नव्हता, सरांना तर नाहीच.

सर चहाच्या कपाकडं बघत म्हणाले, “व्रण मला माहीत होता. पण फोटोत तो दिसेलच असं वाटलं. पाकीट मी उघडलं नाही.”

मी म्हणाले, “सर, तुमी माझ्यासमोर उघडलं. मी तुमाला सगळं सांगितलं.”

सर मऊ आवाजात म्हणाले, “बाळ, नीट आठवून बघ.”

ताईंनी हात काढून घेतला. मामा तेवढ्यासाठीच थांबला होता. हात निघाल्यावर तो हसत हसत म्हणाला, “अवो ताई, पोरीची हौस. तिनंच फोटोवाल्याला म्हणलं आसंल. वयच तसलं हाय.”

मी ट्रे आपटला. बश्या फुटल्या, पोहे जीपवाल्यांच्या चपलांपर्यंत गेले. मी काय काय बोलले ते मला आठवत नाही, पण मुलगा उठून बाहेर जाताना वळून माझ्याकडं बघत होता ते आठवतं. जीप गेल्यावर आबांनी एकच गोष्ट विचारली. “तू सांगितलंस फोटोवाल्याला?”

“न्हाय. मामानं सांगितलं. सरांना म्या कळवलं व्हतं, त्यांनी लपवलं.”

“पाठीवर हात व्हता,” आबा म्हणाले. “पाठीवर हात आसताना सर खोटं बोलतील व्हय?”

“सरांना काय म्हाईत आपली रीत?”

आई चुलीपाशी बश्यांचे तुकडे गोळा करत होती. ती वर न बघता म्हणाली, “फोटो बघून तूच तर हसलीस.”

आबा म्हणाले की नकार आला तर कॉलेज, हे ठरलं होतं ते खरं बोलणाऱ्या पोरीशी ठरलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळची एस.टी. माझ्याशिवाय गेली. मी माळावर मेंढरांमागं इतकी भराभर चालत होते की ती चरेनात, नुसती माझ्यामागं पळत होती. मार्च-एप्रिलपर्यंत मी तशीच चालत होते. मग एका बाजाराला आबांचा पाय मुरगळला म्हणून जनावरं घेऊन मी गेले, मामाच्या समोर उभी राहून मामापेक्षा चांगला सौदा केला, आणि तिथून माझं सगळं सुरू झालं. आज इंदापूर हायवेला माझं पशुखाद्याचं दुकान आहे, दोन टेम्पो आहेत. लोक म्हणतात, बरंच झालं म्हणायचं. असं म्हणणाऱ्याशी मी भांडते. मला जे मिळालं ते मी मिळवलं, पण जे घेतलं गेलं ते घेतलंच गेलं. मामाला मी वर्षभर शिव्या दिल्या. शेवटी एकदा त्यानं कबूल केलं. “पाठीवर हात न्हवता गं तवा,” म्हणाला, आणि हसला. दलालाचं उत्तर होतं, पण उत्तर तरी होतं. आबांसमोर येऊन हेच सांग, असं मी म्हणाले, तर आला नाही. आता मामा नाही, आबाही नाहीत.

गेल्या वर्षी बारामतीत एका सभागृहात सरांचं व्याख्यान होतं, सौंदर्य आणि विज्ञान असा काहीसा विषय. केस पांढरे झालेत, आवाज तसाच आहे. सगळं तेच सांगितलं, नितळ कातडी, सुगरणीचा नर, जुना डोळा. मी मागच्या रांगेत होते आणि मला ते अजून ऐकावंसं वाटत होतं, याचाच मला जास्त राग येत होता. मग सर म्हणाले, “माझी एक विद्यार्थिनी होती, गालावर व्रण असलेली. मी तिला माझ्या सख्ख्या भाच्यासाठी सुचवलं. पण तिच्या घरच्यांनीच फोटोतला व्रण पुसून पाठवला. पाहा, डोळ्याची सत्ता किती. तिच्या माणसांचाच तिच्यावर विश्वास नव्हता.” टाळ्या पडल्या. मी उभी राहिले. सरांनी चष्म्यावरून पाहिलं, आणि त्यांनी मला ओळखलं, गालामुळंच ओळखलं असणार. “बसा ताई,” ते म्हणाले, “प्रश्न शेवटी घेऊ.” शेवटी आभार झाले, नारळ दिला, आणि सर बाजूच्या दारानं गाडीत बसले.

तेव्हा प्रश्न इथं विचारते. सर, तुम्ही का बोलला नाहीत हे मला विचारायचं नाही. बहिणीची भीती वाटली असेल, भाच्याचं जमतंय का बघावं वाटलं असेल, माझ्यावर प्रयोग करायचा असेल. ती कारणं तुमची तुम्हाला. तुम्ही सुप्याला यायचं आहे. आई अजून तिथंच राहते, आणि विषय निघाला की अजून म्हणते, सर कशाला खोटं बोलतील. तिच्यासमोर बसा आणि पाकीट कुणी उघडलं ते तिला सांगा. तिला आता कमी ऐकू येतं, मोठ्यानं सांगावं लागेल. वर्गात बोलत होतात तेवढ्या आवाजात चालेल.